मोठ्याने म्हणणे आणि शब्द शिकणे : यवतमाळ जिल्ह्यातील भाषिक सहवासाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नवा शब्द मोठ्याने म्हटला की तो पक्का होतो, ही समजूत आपल्या शिक्षणपरंपरेत इतकी मुरलेली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वेदपाठशाळेतील पद, क्रम, जटा, घन या पाठपद्धतींपासून प्राथमिक शाळेत एका सुरात म्हटल्या जाणाऱ्या बाराखडीपर्यंत सर्वत्र उच्चार हेच स्मरणाचे साधन मानले गेले. तथापि उच्चारणाऱ्याची घरची भाषा कोणती, त्याच्या जिभेला त्या भाषेतील ध्वनींची सवय आहे किंवा नाही, आणि तो एक भाषा जाणणारा आहे की दोन, हे प्रश्न या परंपरेने स्वतःला फारसे विचारले नाहीत. पाठशाळेतील विद्यार्थी आणि पंतोजींच्या शाळेतील विद्यार्थी यांच्या बाबतीत ते विचारण्याची निकड कदाचित नसावी. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र ती निश्चितपणे होती आणि आजही आहे.

या जिल्ह्याची भाषिक घडण लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वी वणी या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ साली वाशीम जिल्ह्यातील दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन यवतमाळ या नावाने अस्तित्वात आला. त्यामुळे एकाच प्रशासकीय सीमेत पश्चिमेकडील पुसद-दिग्रस भागातील तांड्यांवर बोलली जाणारी गोरमाटी, पूर्वेकडील व दक्षिणेकडील केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या भागांतील गोंडी व कोलामी, आणि सर्वत्र पसरलेली वऱ्हाडी मराठी अशा भाषा एकत्र आल्या. यांपैकी गोरमाटी व मराठी आर्य कुळातील, तर गोंडी व कोलामी द्राविड कुळातील होत. पैनगंगा ओलांडली की तेलुगू सुरू होते. अशा प्रदेशात शब्द शिकणे हा केवळ पाठ्यपुस्तकाचा विषय राहत नाही.

प्रस्तुत निबंधात मुख्यतः कोलामी भाषकांचा विचार केला आहे. कोलाम मुलांना मराठी शब्द शाळेत मोठ्याने म्हणवून घेऊन शिकवले गेले आणि ते पुरेसे रुजले नाहीत. उलट त्यांच्याच वाडवडिलांनी बाजारात व शेतात बोलता बोलता शेजारच्या भाषांतील असंख्य शब्द आत्मसात केले. ही विसंगती कोलामांच्या बुद्धीने किंवा त्यांच्या द्विभाषिकतेने स्पष्ट होत नाही. ती उच्चाराच्या दोन भिन्न प्रकारांनी स्पष्ट होते, असे येथे मांडावयाचे आहे.

परवचा आणि धूळपाटी

इंग्रजी अंमलापूर्वीच्या व त्याच्या आरंभीच्या काळातील गावठी शाळेचे चित्र मराठी वाचकास परिचित आहे. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावयाचे आणि गिरवताना ते मोठ्याने म्हणावयाचे. संध्याकाळी सर्व मुलांनी मिळून परवचा म्हणावयाचा. पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची रांग असे. मद्रासेत अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी अशाच प्रकारच्या शाळा पाहिल्या आणि एका मुलाने दुसऱ्यास शिकवण्याची ती पद्धत इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून नेली, हेही सर्वज्ञात आहे.

या पद्धतीत एक गोष्ट सहज सुटून जाते. 'औट' म्हणजे साडेतीन, हा शब्द वऱ्हाडी कुणब्याच्या मुलासही नवाच होता. परंतु त्यातील ध्वनी त्याच्या घरचे होते. वऱ्हाडीत 'डोळा' चा 'डोया' होतो, 'पाणी' चे 'पानी' होते, 'मला' ऐवजी 'मले' म्हटले जाते. म्हणजे शाळेची मराठी आणि घरची मराठी यांत अंतर होतेच. तरीही शब्दाची चाल, स्वर-व्यंजनांची ठेवण, वाक्यातील त्याची जागा हे सर्व मुलाच्या कानात जन्मापासून बसलेले होते. मोठ्याने म्हणताना त्याला केवळ नवा अर्थ नव्या नादाशी जोडावयाचा होता. नाद स्वतः घडवावयाचा नव्हता. परवचा यशस्वी झाला तो या पायावर.

वऱ्हाडी शेतकऱ्याने नंतरच्या काळात 'जीन', 'प्रेस', 'ठेसन', 'तिकीट' हे शब्द असेच उचलले. कापसाच्या व्यापाराबरोबर ते आले आणि कोणत्याही शाळेवाचून आले. त्याने 'स्टेशन' चे 'ठेसन' केले, म्हणजे परका नाद आपल्या जिभेच्या साच्यात बसवूनच तो वापरात आणला. एकभाषिक मनुष्य नवा शब्द कसा पचवतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. शाळेत मात्र असा साचा बदलण्याची मुभा नसते. तेथे 'ठेसन' हा अशुद्ध उच्चार ठरतो.

कोलाम मूल आणि मराठी शाळा

कोलामांची वस्ती 'पोड' या नावाने ओळखली जाते. ते स्वतःस 'कोलावर' म्हणवतात. त्यांच्या भाषेत पाण्याला 'ईर', विस्तवाला 'किस' आणि घराला 'एल्ला' म्हणतात. तमिळमधील 'नीर' व 'इल्' यांच्याशी असलेले नाते सहज ध्यानात यावे. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने जमवलेल्या व त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत कोलामी शब्दांची यादी आढळते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात तिची द्राविड भाषा म्हणून नोंद झाली. १९३५ ते १९३८ या काळात भारतात क्षेत्रकार्य करणारे मरे एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामीचा अभ्यास केला आणि तिचे व्याकरण व शब्दसंग्रह १९५५ साली प्रकाशित केला. त्याआधी १९५० मध्ये सेतुमाधवराव यांचे आदिलाबादकडील कोलामीचे व्याकरण निघाले होते. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. कोलामी शब्द स्वतः उच्चारून, कोलामांकडून दुरुस्त करून घेऊन शिकण्याचा लेखी पुरावा मागे ठेवणारे हे गृहस्थ बहुतांशी दुरून आलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या मराठी भाषकाला तशी गरज भासली नाही. जिल्ह्यातील द्विभाषिकता आरंभापासून एकाच बाजूने वाढली.

आता या पोडावरील पाच-सहा वर्षांचे मूल, ज्याच्या घरात कोलामीखेरीज दुसरे काही बोलले जात नाही असे, मराठी शाळेत बसवले तर काय होते ते पाहावे. बाराखडीत ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहा महाप्राण व्यंजने आहेत. द्राविड भाषांच्या मूळ शब्दसंपत्तीत अल्पप्राण-महाप्राण असा भेद नाही. तो आढळतो तेथे उसन्या शब्दांबरोबर आलेला असतो. म्हणजे 'खार' आणि 'कार', 'भात' आणि 'बात' यांतील फरक उच्चारण्यापूर्वी तो ऐकू येणे हेच या मुलापुढचे पहिले काम असते. पुढे लिंगाचा प्रश्न येतो. मराठीत तीन लिंगे आहेत. कोलामीत एकीकडे पुरुष आणि दुसरीकडे स्त्रिया, प्राणी व वस्तू असा विभाग आहे. 'तो घोडा, ती घोडी, ते घोडे' हे पाठ शंभर वेळा म्हटल्याने जिभेला वळण लागेल; परंतु 'ती' आणि 'ते' निराळे का, हे त्या म्हणण्यातून उमगत नाही. सामूहिक उच्चारात तर मूल शेजाऱ्याचा सूर धरते आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर सर्वांबरोबर येऊन थांबते. त्याने शब्द म्हटला की केवळ सूर धरला, हे शिक्षकास कळण्याचा मार्ग नसतो.

अलीकडील मानसशास्त्रीय प्रयोगांनी या अनुभवाला बराच आधार दिला आहे. मोठ्याने वाचलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा अधिक आठवतात, या परिणामाला कॉलिन मॅक्लाउड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली स्वतंत्र नाव दिले. परंतु तो बहुधा वाचकाच्या स्वतःच्या भाषेतील शब्दांविषयी होता. मार्गारिटा कौशान्स्काया आणि जीवॉन यू यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषक प्रौढांना नवे शब्द शिकवले. शब्द इंग्रजीच्या ध्वनिरचनेला धरून असतील तेव्हा मोठ्याने म्हणण्याचा लाभ झाला. ध्वनिरचना अपरिचित असेल तेव्हा तो उरला नाही. तानिया झामुनर व सहकाऱ्यांनी २०१८ साली लहान मुलांवरील प्रयोगांत असे दाखवले की, स्वतः उच्चारलेल्या नव्या शब्दांपेक्षा नुसते ऐकलेले नवे शब्द मुलांनी अधिक चांगले ओळखले. उच्चार जुळवण्यातच मुलाचे लक्ष खर्ची पडते आणि शब्द मनात ठसण्यास पुरेसे उरत नाही, असा याचा एक अर्थ संभवतो. याउलट एलिसे हॉपमन आणि मेरीएलन मॅकडोनाल्ड यांच्या २०१८ सालच्या प्रयोगात कृत्रिम भाषा शिकणाऱ्या प्रौढांपैकी ज्यांना स्वतः वाक्ये रचून बोलण्याचा सराव दिला गेला, त्यांचे आकलनही केवळ ऐकून समजून घेण्याचा सराव केलेल्यांपेक्षा सरस ठरले. या प्रयोगातील बोलणे हे दुसऱ्याच्या मागून म्हणणे नव्हते. समोरचे चित्र पाहून, शब्द आपणच शोधून काढावयाचे होते. परवचा आणि असे बोलणे या दोहोंना आपण मराठीत 'म्हणणे' या एकाच क्रियापदाने संबोधतो आणि म्हणूनच त्यांतील भेद दृष्टिआड होतो, अशी शंका येते.

द्विभाषिकतेविषयीचा गैरसमज याहून जुना आहे. दोन भाषांचे ओझे मुलाच्या बुद्धीवर पडते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातही मानले जाई, आणि आपल्या शिक्षकवर्गात ते आजही ऐकू येते. 'घरी ती भाषा बोलू नका' हा उपदेश आश्रमशाळेतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी ऐकलेला आहे. कौशान्स्काया आणि व्हिओरिका मारियन यांनी २००९ साली इंग्रजी एकभाषिक, इंग्रजी-स्पॅनिश द्विभाषिक आणि इंग्रजी-मँडरिन द्विभाषिक अशा तीन गटांना परके शब्द शिकवले, तेव्हा दोन्ही द्विभाषिक गट एकभाषिकांच्या पुढे गेले. अमेरिकेतील विद्यापीठात शिकणारे प्रौढ आणि झरी-जामणीच्या पोडावरील मूल यांची सरळ तुलना करता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या प्रौढांच्या दोन्ही भाषांना लिपी आहे, ग्रंथ आहेत, प्रतिष्ठा आहे. म्हणून अजित मोहंती यांचे ओडिशातील कंध जमातीवरील काम आपल्यास अधिक जवळचे ठरते. एकाच जमातीत काही भागांत कुई व ओडिया बोलणारे द्विभाषिक आणि काही भागांत केवळ ओडिया बोलणारे एकभाषिक आढळतात. संस्कृती व आर्थिक स्थिती बव्हंशी समान असताना, भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याच्या कसोट्यांत कुई-ओडिया द्विभाषिक मुले सरस ठरली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आहे. जुनी भाषा टिकवून नवी मिळवणारे मूल मागे पडत नाही. जुनी हिरावून घेतलेले मूल मागे पडते, असा त्याचा रोख आहे.

बाजारातील शब्द

शाळेबाहेर मात्र कोलाम व गोंड यांनी शब्द शिकण्यात कोणतीही मंदता दाखवलेली नाही. त्याचा पुरावा त्यांच्या भाषांतच साठून आहे. गोंडीत सातपर्यंतचे अंक मूळ द्राविड घडणीचे आढळतात आणि त्यापुढील बहुधा शेजारच्या भाषांतून आलेले असतात. कोलामीत चारच्या पुढील अंकांवर तेलुगूची छाप दिसते. मोजणे हे देवघेवीशी निगडित असल्याने अंक उसने घेतले जातात, यात आश्चर्य नाही. डिंक, मोह, चारोळी, बांबूच्या टोपल्या घेऊन पांढरकवडा, पाटणबोरी, मुकुटबन, वणी येथील आठवडी बाजारात उतरणाऱ्या मनुष्यास भाव विचारावा लागे, सांगावा लागे, नाकारावा लागे. चुकीचा शब्द उच्चारला तर पैसे बुडत आणि बरोबर उच्चारला तर व्यवहार पुरा होई. शब्दाची परीक्षा तेथल्या तेथे होत असे, आणि 'भ' चा 'ब' झाला म्हणून कोणी गिऱ्हाईक परत जात नसे.

एमेनो यांच्या शब्दसंग्रहात मराठीतून आलेल्या शब्दांचे प्रमाण लक्षणीय आहे. हे शब्द ज्यांनी आणले त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ते ऐकले, गरजेच्या प्रसंगी वापरले, आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसवले, आणि कोलामी प्रत्यय लावून घरी नेले. वऱ्हाडी शेतकऱ्याने 'स्टेशन' शी जे केले तेच येथे घडले. मात्र एक मोठा फरक आहे. वऱ्हाडी शेतकरी 'ठेसन' म्हणूनही एकभाषिकच राहिला. कोलामाला संपूर्ण दुसरी भाषा उचलणे भाग पडले.

शब्द घेणे किंवा न घेणे हे सर्वस्वी कुवतीवर अवलंबून नसते, याचे उलट टोकाचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, तेथे मराठी, कन्नड व उर्दू या भाषांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने जवळजवळ एक झाली, परंतु शब्द वेगवेगळे राखले गेले. कारण शब्दांवरून कोण कोणत्या समाजाचा हे ओळखू येत असे. कुपवाडच्या लोकांना शेजाऱ्यांचे शब्द येत नव्हते असे मुळीच नाही. त्यांना स्वतःचे शब्द सोडण्याचे कारण नव्हते. तेथील भाषा परस्परांशी बऱ्याच बरोबरीने वागत होत्या. यवतमाळात ती बरोबरी नव्हती. त्याच वर्षी व त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीतच द्राविड भाषकांच्या संपर्काचा मोठा वाटा असल्याचे प्रतिपादन केले होते. ते पूर्णतः मान्य न करणाऱ्यासही, कोलामीशी मराठीचे नाते केवळ धनको-ऋणकोचे नाही एवढे मान्य करावे लागेल.

पैनगंगेच्या दोन काठांवर

शासनाच्या धोरणात हा प्रश्न प्रथम १८८२ च्या हंटर आयोगापुढे आला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून घेतलेला मुलूख म्हणून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि आयोगाच्या कक्षेत येत होता. ज्या आदिवासी जमातींची भाषा लिपिबद्ध झालेली नाही वा अन्यथा अनुपयुक्त आहे, त्यांचे शिक्षण त्यांचा ज्यांच्याशी अधिक संबंध येतो अशा शेजारच्या हिंदू लोकांच्या भाषेतून द्यावे, अशी आयोगाची शिफारस होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती समंजस भासते. संबंध अधिक येतो म्हणजे भाषा येतेच, असे मात्र तिने गृहीत धरले. संबंध बापाचा बाजाराशी येत होता आणि शाळेत बसवले गेले ते मूल. पुढे १९५६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-अ समाविष्ट होऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचे उत्तरदायित्व राज्यांवर आले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषा माध्यम असावी असे म्हटले गेले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांत कोलामीसारख्या भाषा अडकून राहतात.

नदीच्या पलीकडे घडले ते अधिक विचारात घेण्यासारखे आहे. आदिलाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली तेथील मारलावाई गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांना प्रथम गोंडीतून शिकवावे, गोंड शिक्षकांनीच शिकवावे, आणि मग राज्यभाषेकडे वळावे, असा तो प्रयोग होता. गोंडी वाचनपुस्तके छापली गेली ती देवनागरी लिपीत. वर्गात मुलाला प्रश्न विचारला जाई तो त्याच्या भाषेत, आणि उत्तर देताना त्याला शब्द स्वतः शोधावा लागे. उसन्या सुरात मागून म्हणण्याचा प्रसंगच येत नसे. संस्थान विलीन झाल्यावर आणि १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेल्यावर गोंडीचे हे स्थान टिकले नाही. हायमेनडॉर्फ यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात याविषयी खेद व्यक्त केला आहे.

त्यानंतर २००४ साली आंध्र प्रदेश शासनाने आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा बहुभाषिक कार्यक्रम हाती घेतला. त्यांत गोंडी व बंजारा यांच्याबरोबर कोलामीचाही समावेश होता. कोलामी लिपिबद्ध होऊ शकत नाही, हंटर आयोगाच्या काळापासून गृहीत धरलेली ही अडचण त्यामुळे व्यवहारात दूर झाली. २००१ च्या जनगणनेत देशभरात कोलामी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या १,२१,८५५ होती. २०११ मध्ये ती १,२८,४५१ झाली. या लहानशा भाषकसमूहाचा मोठा भाग महाराष्ट्राच्या बाजूस, त्यातही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या, अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र खंडात (२०१३) कोलामीची दखल मराठीत घेतली गेली आहे. ती वाचणारा बहुधा आपल्यासारखा महाविद्यालयीन अध्यापक असतो.

आपल्या वर्गात पोडावरून आलेला विद्यार्थी प्रथम वर्षात गप्प असतो, हे या जिल्ह्यातील प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. त्याला शब्द येत नाहीत असा निष्कर्ष आपण काढतो. त्याने बारा वर्षे मराठी शब्द सर्वांबरोबर म्हटलेले असतात. एकट्याने, स्वतःचे काही सांगण्यासाठी ते वापरण्याची वेळ शाळेत त्याच्यावर क्वचितच आलेली असते. हाच विद्यार्थी बसस्थानकावर किंवा कापसाच्या खरेदी केंद्रावर अडखळत नाही.

मारलावाईची देवनागरी पुस्तके यवतमाळच्या शिक्षकाला अडचण न पडता वाचता आली असती. पण तेव्हा मध्ये संस्थानाची सीमा होती. २००४ नंतरची कोलामी पुस्तके तेलुगू लिपीत निघाली. पाटणबोरीच्या शिक्षकाला ती वाचता येत नाहीत, आणि त्याच्या वर्गातील मुलाला मात्र, कोणी मोठ्याने वाचून दाखवली तर, त्यांतील प्रत्येक शब्द कळेल.